जानकूने भरलेल्या कॅसेटी

पिंपरी पेंढार,
४ ऑगस्ट १९९८

ती. सौ. प्रतिभाताईस,
धाकट्या सुदर्शनचा सा. न. वि. वि.

दाजींनी मंचरला कल्याण गाडीच्या कंडक्टरकडे दिलेली कॅसेट सुखरूप पोचली. जानकू नवी कॅसेट द्यायला तुझ्याकडं आला की त्याला निरोप दे, की भोसरीच्या खोलीतली आपली जोडी तुटली तरी कॅसेटी भरून द्यायचं तू सोडलं न्हाईस, हे लई झालं.

माझं चाललंय. मागच्या वर्षी बरं वाटलं म्हणून तिसऱ्याच महिन्यात टीबीच्या गोळ्या सोडल्या, त्याची ही शिक्षा. आता गोळ्या आहेतच, वर रोज एक सुई, रविवार सोडून. छप्पन घ्यायच्यात, सहा झाल्या. कंपनीतली नोकरी तर गेलीच. आईनं कांद्याच्या वखारीशेजारच्या खोलीत वेगळी खाट टाकून दिलीय, तिथं मी आणि टेप.

आता कॅसेटीविषयी. जानकूला इंग्रजी नाव लिहिता येत न्हाई, म्हणून त्यानं वर लिहिलंय ‘गंजलेली करवत’. मुंबईच्या चार पोरांनी मोटारीच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलीय, दुकानात मिळत न्हाई, ह्याच्याकडून त्याच्याकडे भरून घ्यायची. गाणारा गात न्हाई, भांडतो. ड्रमवाला मात्र वाघ आहे. झांजेवर असा तुटून पडतो, की खिडकीची काच शहारते. आई दारातूनच म्हणाली, “कुणाला मारत्यात का रं त्यात?” मी म्हणालो, न्हाई, आपलंच दुखणं सांगत्यात. तर म्हणते, मग जरा हळू सांगा म्हणावं.

दाजींना नमस्कार. आहे तशीच माया राहू दे.
तुझा सुदर्शन

शिनोली,
१५ ऑगस्ट १९९८

चि. सुदर्शन यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून लिहायला बसलेय. तुझी गंमत करायची म्हणून सांगते, ‘गंजलेली करवत’ तुझ्याआधी मी ऐकली होती. दाजींना वाटलं आमचा टेपच बिघडला, त्यांनी मागून दोन चापट्या मारल्या.

सोबत पाठवतेय ती दुसरी मात्र वेगळी. स्कॉटलंडच्या तिघीजणी आहेत म्हणे. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं सुरू होतं तेव्हा आधी नुसती बारीक किणकिण येते. पोळ्याला बैल लांबच्या बांधावरनं यावेत आणि घुंगुरमाळ तेवढी आधी पोचावी, तशी. ती बराच वेळ चालते, आणि मग पत्र्यांचा ढीग कोसळावा तशी गिटार तिच्यावर येऊन पडते. मी मराठी शाळेची मास्तरीण, मला त्यातलं काय कळणार? पण अंगावर काटा आला. गाणं पाच वेळा मागं नेऊन ऐकलं, भात करपला. त्या किणकिणीबद्दल तुझं मत सविस्तर कळव.

वजन किती भरलं? ओझरच्या गणपतीला मी बोललेय. सुई चुकवू नकोस. ह्या वेळी चुकवलीस तर मी तिथं येऊन छडी घेईन.

जीव लावून राहा.
तुझी ताई

पिंपरी पेंढार,
२९ ऑगस्ट १९९८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

वजन अडीच किलो वाढलं. आई दर सोमवारी काट्याकडं बघून हात जोडते. सुया अठ्ठावीस झाल्या, बरोबर निम्म्या.

पण ताई, जानकूला सांग, मशीनचं हेड साफ कर. कॅसेट लई मळकट भरलीय. तुझी किणकिण मी दोन्ही बाजू उलट्यापालट्या करून शोधली. तिसरं गाणं माझ्याकडं नुसत्या खरखरीनं सुरू होतं आणि एकदम गिटारच येते. झांजा तर गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारख्या. जाड सूर छान आहेत, पोटात जातात. पण तिघी बाया एवढ्या मेहनतीनं गातात आणि वरचं सगळं पुसून टाकायचं म्हणजे काय? कॅसेट परत पाठवतोय, नीट भरून घे.

परवा बांधावरनं चालताना तोल जाऊन उसात बसलो. गेणभाऊ शेजारच्या वावरात होते, ओरडले, “काय पावणं, सकाळीच?” सगळे हसले, मीही हसलो. अशक्तपणा असेल. आणि यंदा गोठ्याच्या आढ्याला चिमण्याच आल्या न्हाईत वाटतं, सकाळ कशी सुनी सुनी जाते.

माया आहे, ती पत्रातून दिसत राहो.
तुझा सुदर्शन

शिनोली,
४ सप्टेंबर १९९८

चि. सुदर्शन यास, आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. जानकूला हेड साफ करायला सांगते. तोवर ही तिसरी ऐक, जपानची आहे, बरीचशी ढोलांचीच आहे. बांधावरनं एकट्यानं जाऊ नकोस. शाळेत परीक्षेची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी ताई

शिनोली,
२४ सप्टेंबर १९९८

सुदर्शन,

आज वरचा मायना लिहायला हात धजत नाही. हे पत्र दाजी स्वतः घेऊन येतायत. त्यांच्याबरोबर लगेच डॉक्टरांकडे जा.

तू परत पाठवलेली कॅसेट मी त्याच दिवशी लावली. किणकिण आहे, सुदर्शन. जशीच्या तशी आहे. मग दाजींना ऐकवली. शेजारच्या धोंडाबाईंची तीन वर्षांची नात खेळत होती, ती मान वर करून म्हणाली, “घंटी!”

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावला एका डॉक्टरांना, दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, जी सुई छाती वाचवते तीच एखाद्याचा कान खाते. आधी बारीक आवाज जातात, तोल जातो, मग बाकीचे. गेलेलं परत येत नाही. पेशंटला लगेच पाठवा म्हणाले.

आणि मी घरी येऊन तुला परीक्षेची थाप मारली. वीस दिवस गप्प राहिले. आईचं पत्र आलं होतं, पोराच्या गालावर मांस आलं म्हणून. मला भीती वाटली, की हे कळलं तर तू मागच्यासारखं सगळंच सोडशील. छाती का कान, हे मी कोण ठरवणार? पण न लिहून मी ठरवलंच की. रोज शाळेत हजेरी घेताना मोजत होते, आज तेहतिसावी, आज चौतिसावी. ढोलांची कॅसेट मी मुद्दाम निवडली, तुला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून. बहिणीनं असं करावं? रागाव, पण आधी जा.

ताई

पिंपरी पेंढार,
२ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. ताईस,
पायांवर डोकं ठेवून सा. न.

दाजी आले, आम्ही गेलो. डॉक्टर लई चिडले माझ्यावर. चिडले की ते आवाज खाली घेतात, त्यामुळं मला काहीच ऐकू आलं न्हाई. दाजींनी खिशातनं कोरा कागद काढून लिहून दाखवलं, की एवढं होऊन बोलला का न्हाईस? सुया बंद केल्या. एक्कावन्न झाल्या होत्या. गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. कान आहे तिथं थांबेल का, विचारलं, तर दाजींनी लिहिलं, सांगता येत नाही.

आता माझं ऐक. तू वीस दिवस गप्प राहिलीस, मी त्याहून जास्त. हेड साफ करायचं तुला लिहिलं त्याच संध्याकाळी मी जुनी ‘गंजलेली करवत’ लावून बघितली. तिच्यातल्याही झांजा गेल्या होत्या. एकाच कॅसेटीतनं आधी असलेला आवाज जातो कसा? घड्याळ कानाला लावलं, ते बंद. डोळ्यांनी पाहिलं तर काटा पळतोय.

तरी बोललो न्हाई. मागच्या वेळी बरं वाटलं म्हणून औषध सोडलं. ह्या वेळी वाईट वाटलं म्हणून सोडलं असतं, तर आईला कुठलं तोंड दाखवलं असतं? म्हटलं छप्पन होऊ देत, मग सांगू. पाच राहिल्या होत्या. तुझा दोष काढायला मला जागाच न्हाई ताई, तू तुझ्या बाजूनं लपवत होतीस, मी माझ्या. दोघांनी मिळून एक कान घालवला, एक छाती राखली. दुसरं काय करता आलं असतं, ते मला अजून सुचत न्हाई.

तुझा सुदर्शन

पिंपरी पेंढार,
२० डिसेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बेडका दुसऱ्यांदा स्वच्छ आला. फोटोत छाती साफ आहे. आईनं गल्लीत पेढे वाटले. कोण काय म्हणालं ते मला कळलं न्हाई, पण सगळ्यांची तोंडं गोड हलत होती.

कान तिथं थांबला न्हाई. डावा पूर्ण गेला. उजव्यात ट्रॅक्टर जवळनं गेला तर नुसता घरघरतो. आई आधी ओरडून सांगायची, आता लाजते. चारचौघांत पोरावर ओरडणारी बाई दिसायला नको म्हणून ती माझ्याशी कमी बोलते. ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, आणि तिला कसं सांगावं ते समजत न्हाई.

डोक्यात मात्र दिवसभर शिट्टी चालू असते. जानकूनं भरली असती तर वर लिहिलं असतं ‘कुकरची मावशी’. एकच सूर, ना ढोल ना शब्द. पहिले आठ दिवस भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आता सवय होतेय. चांगली म्हणवत न्हाई.

जानकूचं कार्ड आलंय. नवी कॅसेट हाती लागलीय, कुणा आइसलँडच्या पोरांची, आता भरू का नको, असं भीत भीत विचारतो. त्याला कळव, की भर. नाताळच्या सुट्टीत तू येशील तेव्हा घेऊन ये. वखारीशेजारच्या खोलीत लावू. तू ऐक. मी समोर बसून तुझ्या तोंडाकडं बघतो.

वाट पाहणारा,
सुदर्शन