चौघांच्या खांद्याएवढी वाट

माय, तू गेलीस तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आता येतं, जेमतेम. प्रौढांच्या वर्गातल्या बाईंनी माझं ‘मले’ खोडून ‘मला’ करायला लावलं, म्हणून ही कोण शहरातली बाई बोलून राहिली असं तुला वाटेल. तुझीच पोरगी आहे. तोंड तेच आहे.

सांगायचं आहे ते वेशीपासून पारापर्यंतच्या गल्लीचं. तू डोक्यावर झाडायच्या फड्यांचा भारा घेऊन विकायला तिथून जायचीस, मी मागे. एकदा मी मधून पळाले, तर तू दंडाला असा चिमटा काढलास की कातडी हिरवी झाली. ‘कडेनं चाल, कार्टे. मधला रस्ता आपला नाही.’ कडेला नाली होती. तुझे पाय कायम त्या पाण्यात भिजलेले. घरी येऊन तू चुलीपुढे पाय शेकायचीस आणि भाकरीचा गरम पापुद्रा मला द्यायचीस. चिमट्याबद्दल मात्र कधी बोलली नाहीस.

मेल्यावर तर तुला कडही मिळाली नाही. आपली वस्ती वेशीबाहेर, मसणवट पारापलीकडे, तरी आपली मयत गल्लीतून नेत नसत, गावाबाहेरच्या नाल्यातून न्यायचे. पावसाळा होता. पुढच्या खांदेकऱ्याचा पाय गाळात गेला, तिरडी कलंडली आणि तुझा हात बाहेर आला. बाया मोठ्यानं रडत होत्या. मी हात उचलून आत ठेवला. गार होता आणि चिखलानं भरला होता. पुसायला वेळ मिळाला नाही.

पुढे आपल्या लोकांनी धर्म बदलला. पोरं गल्लीतून ताठ चालू लागली. पण मयत निघाली की बहाणा तयार: गल्लीत बैलबंड्या उभ्या आहेत, बैल बांधले आहेत, तिरडी कुठून नेता? आणि आम्ही पुन्हा नाल्यात.

यंदा ग्रामपंचायतीनं गल्लीच बदलली. बंड्या बंद, फक्त माणसांनी चालायचं. फरशी घातली, नाली झाकली, गल्लीतल्या कडुनिंबाभोवती बसायला ओटा बांधला. मी म्हटलं, संपला बहाणा. मग वेशीत पुरलेले खांब पाहिले. बंडी शिरू नये म्हणून दोन दगडी खांब, आणि मध्ये जागा केवढी, तर कडेवर घागर घेतलेली एक बाई जाईल एवढी. मोठ्या घरांची मयत पाराकडून बाहेर पडते, तिला वेस लागत नाही. म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. की आलं होतं, ते मला ठाऊक नाही.

काम झाल्यावर ओट्यापाशी गाव जमलं. सरपंच म्हणाले, ‘कोनाचं काही म्हननं असन तं बोला.’ सून माझा पदर ओढत होती. मी उभी राहिले.

‘मी मेली का मले कुठून नेता?’

लोक हसले. सरपंच म्हणाले, ‘आजी, तुमी शंभर वर्सं जगा.’

‘वर्सं नाही मांगून राह्यली मी. वाट मांगून राह्यली.’

ओट्यावरचा एक म्हातारा तोंडातलं पान फिरवत म्हणाला, ‘तुमचा नाला हाय ना. कायले दगड हालवता?’

हसणं थांबलं. मी म्हटलं, ‘नाल्यात माही माय पडली, तिरडीवरून. तुमाले एवढा आवडते तं तुमी जा तिकून. बाज आना रे कोनी, मोजूनच पाहू.’

बाज आली, पण रिकामी बाज चौघांनी खांद्यावर घेणं म्हणजे मरणाला बोलावणं. कोणी हात लावेना. ‘अपशकुन व्हते, आजी.’ मग मीच बाजेवर जाऊन आडवी झाले. ‘आता रिकामी नाही. उचला.’ माझा पोरगा आला, वस्तीतले दोघं आले. चौथा खांदा कोणाचा? मग गल्लीतला शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून पुढे झाला. चालता चालता म्हणाला, ‘आजी, चुळबुळ नका करू. मेल्यावर एवढं कोनी हालत नाही.’

‘तू नीट धर. तुह्या शिवणीसारखं वाकडं नको नेऊ.’

खांबाशी आलो आणि पोराचा खांदा दगडावर आदळला. बाज अडली. सगळ्या गावानं पाहिलं. मी वर आभाळाकडे बघत पडले होते, कोणाचं तोंड दिसत नव्हतं. सरपंचांचा आवाज तेवढा आला, ‘मिस्त्री, एक खांब काढा.’ म्हातारा पान थुंकून घरी गेला.

खांब काढून जरा बाजूला रोवला. बंडी अजूनही शिरत नाही, चौघं जातात. संध्याकाळी बाया ओट्यावर बसून तूर निवडतात, आपल्याही आणि त्यांच्याही. मध्ये थोडी जागा सोडून बसतात. ती फरशीनं भरत नाही.

पोस्टमन याच गल्लीतून जातो, पण तुझा पत्ता त्याच्यापाशी नाही. पत्र गोधडीखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं, सुनेलाही सांगितलं नाही. दगड हलला त्या दिवशी चौघांनी मला मधून पारापर्यंत नेलं. पायानं मी अजून मधून गेले नाही. वेस आली की दंड दुखतो, आणि मी भिंतीला लागून चालते.