काकूंच्या वरकसातला खांब

१ जुलै
वाडीवरचं स्टेशन सुरू! माझं पहिलं. धसईच्या वर, पार्वतीकाकूंच्या वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, नाचणीच्या कडेला. कातळात रोवलेला खांब, त्यावर पांढरी अँटेना. उपग्रहांवरून सेकंदासेकंदाला आपली जागा काढणार. डोंगर बोटाच्या पेराएवढा सरकला तरी ऑफिसात त्याच क्षणी कळणार, दरड यायच्या आधी वाडी उठवता येणार. इतक्या लांबून बोटाचं पेर मोजायचं! अजून खरं वाटत नाही. काकूंनी नारळ फोडला. एसटीत खोबरं खात आले, सापगावला घरी पोचेपर्यंत हसतच होते.

४ जुलै
आलेखाची रेघ सरळ. ऑफिसातले मोठे सर म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून म्हणजे शाबासकीच.

९ जुलै
बोंबललं. आकडे नाचतायत. वर-खाली, हातभर. डोंगर खरंच इतका उडत असता तर वाडी ओरडली असती. सर: "जागा चुकली. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर काढा, दुसऱ्या गावात लावू." मग या वाडीला कोण उठवणार? आईवर उगाच खेकसले. उद्या वायर, बॅटरी, सगळं...

१० जुलै
शहापूर, मुरबाड, धसई, पुढे चालत. बघते तर अँटेनाने इरलं घातलंय! भाताच्या आवणीला बायका पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात तेच, बांबूचं, पळसाच्या पानांचं. सुतळीने घट्ट बांधलेलं, ओलंचिंब. त्यातून सिग्नल काय कप्पाळ येणार?

काकू म्हणाल्या, "आमी आवणीला खाली उतरलो. ता बिचारा एकटा भिजत व्हता गो. माझाच इरला दिला, नवा हाय."

रागावणार होते. पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर खताची फाटकी गोणी. हसूच फुटलं. "काकू, त्याला भिजलेलं चालतं."

"मंग आधी नाय सांगायचं?"

खरंच, नव्हतं सांगितलं. इरलं सोडून त्यांच्या हातात दिलं, सरांच्या 'बरं आहे'ची नक्कलही करून दाखवली. दोघी बांधावर बसून हसलो, पोट दुखेपर्यंत.

१२ जुलै, शुक्र.
रेघ सरळ! कालपासून. सरांना इरल्याचा फोटो पाठवला, फोनवर त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. "पावसाळाभर ठेवू. पुढचं मग बघू." पावसाळाभर! मी जाग्यावरच नाचले.

काकूंना लगेच फोन. त्या म्हणाल्या, "डोंगर हलला तर आधी कोनाला कलंल? तुला का साह्यबाला?"

"दोघांना एकदम."

"मंग मला तू सांग. तुजा साह्यब 'बरं आहे' म्हनंपर्यंत डोंगर माझ्या चुलीपाशी येल."

खूप हसले. मग फोनमध्ये काकूंचं नाव सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं, सरांच्याही. बाहेर पाऊस अजून कोसळतोय.