आंब्याचा चीक

मंगळवार, इंदिरा नगर

तीनदा हात धुतला, तरी तळवा जळतोय. जळू दे.

दुपारी बख्शी का तालाब गावातल्या साइटवर गेले, तर दशहरी आंब्याचं झाड आडवं पडलेलं. कृषी महाविद्यालयाच्या नव्या उद्यानविद्या इमारतीचा सगळा आराखडा मी त्या झाडाभोवती काढला होता. मधे झाड, भोवती वर्ग. मुलांनी तासाला तिथेच कलमं बांधायला शिकावं म्हणून. तोडलेल्या बुंध्यावर तळवा टेकवला. चीक अजून ओला होता.

ठेकेदार हसत म्हणाला, "मैडम, अब तो जगह खाली है, पार्किंग डाल दीजिए."

त्याच हाताने थोबाडीत दिली. मजुरांनी धरलं नसतं तर कुऱ्हाडही उचलली असती. खरंच उचलली असती? हो, उचलली असती.

लेक म्हणते, "मम्मा, सॉरी बोल दो ना, यार." नाही बोलणार. वर्ग त्या बुंध्याभोवती बांधीन, पण तिथे पार्किंग आखणार नाही.

तळवा अजून जळतोय. रत्नागिरीत वाढले मी, आंब्याचा चीक कातडीचं काय करतो ते ठाऊक आहे. म्हणजे त्याचा गालही जळत असणार. सकाळी आरशात बघेल, तेव्हा माझी पाचही बोटं काळी उठलेली असतील.