गार ओव्हनमधले रॉड

उस्ताद, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज तुमचा लांबट पत्र्याचा डबा आठवतोय. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात तो कायम बॉयलरच्या अंगाला टेकवलेला असायचा, आत वेल्डिंगचे रॉड, कोरडे आणि गरम राहावेत म्हणून. सगळे त्याला ‘उस्तादांचा टिफिन’ म्हणायचे. एकदा मी आळसानं उघड्या पाकिटातले दमट रॉड घेऊन पाइपाचा जोड मारला. तुम्ही म्हणालात, "सोता गरम भाकर खातो, आन् जोडाला वल्लं घालतो व्हय रं? आज न्हाई फुटायचं. दोन दिसांनी फुटंल, तू घरी घोरत असताना." जोड कापायला लावलात. काम का थांबलं, कुणी केला हा जोड, म्हणून साहेब ओरडत आले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "म्या केला."

आता केडगावच्या पुढे माझी शेड आहे. हसाल, नगरात बसून आम्ही जहाजाची पॅनेलं करतो. जाड प्लेट, तिच्यावर उभ्या पट्ट्या. रॉड ओव्हनमध्ये तापवायचे, जोडाआधी प्लेट शेकायची, जोडानंतर दोन दिवस थांबून मगच तपासायचं: हे मी स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावलंय. कुठं शिकलात विचारलं की सांगतो, कुठं नाही, माझं मीच.

सोमवारी सकाळी वीज नव्हती, ओव्हन गार, आणि ट्रेलर दारात. एकच पट्टी राहिली होती. मिस्त्री म्हणाला, "मालक, रॉड गार हायेत. जनरेटर लावू का? दोन तास लागत्याल." मी म्हणालो, "एका पट्टीनं जहाज बुडत नाही. मार." त्याच रॉडांनी, शेडमध्ये तपासायला ठेवतो तो नमुन्याचा तुकडाही जोडला. दुपारी पट्टीच्या जोडाला लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. तडा असला की पावडरीत लाल रेघ उठते; एकही उठली नाही. ‘दोन दिवसांनंतर तपासले, ठीक’ असं मी तपासणीच्या कागदावर तिथल्या तिथं लिहून टाकलं आणि ट्रेलर सोडला.

बुधवारी नमुन्याचा तुकडा हातात घेतला. उगीचच रंग लावला म्हणा. पावडरीतून जोडाच्या कडेनं केसाएवढी लाल रेघ वर आली. मी बघत राहिलो, ती थोडी रुंदावली.

पॅनेल गोदीत पोचलं होतं. उद्या रंग बसला असता, परवा शेजारचं पॅनेल त्याला जोडलं असतं, मग कुणाला दिसलं असतं? मी फोन केला. शेवटची पट्टी कापा, म्हटलं, माझी माणसं येऊन नव्यानं जोडतील. एवढं बरोबर केलं, उस्ताद. पण तिकडच्या साहेबांनी विचारलं, असं झालंच कसं? तेव्हा तोंडातून निघालं, "आमच्या मिस्त्रीनं गार रॉड वापरले."

मिस्त्री शेजारीच चहा पीत उभा होता. त्यानं कप खाली ठेवला, ओव्हनचं दार उघडलं, आतल्या रॉडांना हात लावून बघितलं आणि दार परत लावलं. आता सकाळी आला की "नमस्कार मालक" म्हणतो, तेवढंच.

तुम्ही "म्या केला" म्हणालात, तेव्हा मी तुमच्या मागंच उभा होतो. ‘जोड माझा’ असं तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नव्हतं.