सीतारामकाकांचा खिसा

सोमाटणे,
सोमवार

आदरणीय चिमामावशीस प्रज्ञेशचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? परंदवडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. समोर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस (हे मी आदरानेच म्हणतो), आणि आजचा मजकूर मोठा आहे. आम्ही सगळे मजेत.

मी चित्रकार झालो हे तुझ्या कानावर आलं असेलच. तळेगावच्या कंपनीत अठरा वर्षं गिअरचे दात तपासणाऱ्या माणसाला हे कसं सुचलं, तर त्याला कारण लोणावळ्याच्या आदिनाथ सरांचं एक चित्र. नाव ‘एकाकी क्षितिज’. रंगीत चौकोनांच्या रांगा आणि कोपऱ्यात एकच खाकी चौकोन, त्यावर लाल ठिपका. गेल्या वर्षी प्रदर्शनात ते पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटलं (का वाटलं ते पुढे येईलच). सर म्हणाले, खाकी चौकोन म्हणजे माणसाच्या मनाचं बंद दार. मी त्याच दिवशी त्यांच्या रविवारच्या क्लासला नाव घातलं आणि सहा महिन्यांत आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत पहिला आलो. कला रक्तातच असावी लागते, ती आपल्यात आहे.

काल आमच्या सौ. रेणुकाला मोठ्या हौसेने सरांच्या स्टुडिओत नेलं. दाराचा अर्थ मी तिला समजावून सांगत होतो, तर ती चष्मा वर करून म्हणाली, “अवो, दार कसलं? काकांच्या शर्टाचा खिसा हाय ह्यो. बटन लाल दोऱ्यानं लावलंय, मावशीचंच काम.”

मावशी, मी चित्राला नाक लावून पाहिलं. आपल्यात मूल जन्मलं की तू गोधडी शिवतेस आणि सीतारामकाकांच्या रेल्वेच्या जुन्या शर्टाचा खिसा तिला लावतेस, कारण काका पोरांना खिशातून गोळ्या काढून द्यायचे. चित्रात होती ती आमच्या लेकीची, ज्योत्स्नाची गोधडी, चौकोनाला चौकोन! (गिअरचा अर्धा दात चुकला तरी मला दिसतो. घरची गोधडी दिसली नाही.) मग मी आवाज चढवला. दुसऱ्याची कला उचलून त्यावर आपली सही ठोकणं ही चोरी आहे, असं स्पष्ट बोललो. सर आधी ‘प्रेरणा’ म्हणाले, मग ‘योगायोग’ म्हणाले, आणि रेणुकाने त्यांच्या कपाटावरून गोधडीच खाली ओढली तेव्हा त्यांनी चहा मागवला. शेवटी ठरलं की पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात चित्राखाली ‘मूळ कलाकार: चिमाबाई, परंदवडी’ असं लिहायचं आणि फीत तू कापायची. तेव्हा चांगली साडी काढून ठेव. तुझा मान मी मिळवून दिला आहे.

तुझा,
प्रज्ञेश

ता.क. गोधडी सरांकडे गेलीच कशी, असं तू विचारणारच. ती ट्रंकेत जपून ठेवली आहे असं मी दोन वर्षं सांगत होतो. कंपनीच्या सहलीत लोणावळ्याला ती अंथरून जेवलो आणि तिथेच विसरून आलो.

ता.क. २. आता मुख्य काम. माझं बक्षिसाचं चित्रही साधारण तसंच आहे (म्हणजे खिसा फक्त डावीकडे आहे). सोसायटीच्या सेक्रेटरी सविताताईंना सरांच्या चित्राचा फोटो कुणीतरी दाखवला, आणि येत्या रविवारी मला सगळ्यांसमोर खुलासा करायचा आहे. तरी ‘प्रज्ञेशला माझी परवानगी आहे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी दे. तारीख मागच्या वर्षीची घाल.

ता.क. ३. चिठ्ठी नको. गोधडी धुवायला घेताना रेणुकाने खिशाचं बटन सोडलं. सरांनी त्या खिशाचं चित्र काढलं, मी त्या चित्राचं चित्र काढलं, पण तो उघडून कुणीच पाहिला नव्हता. आत वेखंडाचा तुकडा आणि तुझ्या अक्षरातला कागद निघाला: ‘नमुना सरुबाईचा, तिला इचारून घेतला. शिवण माझी.’ मला फार लाज वाटली, मावशी. बक्षिसाची ढाल परत द्यायला निघालो आहे. सरुबाई कुठे राहतात ते कळव, चित्राखाली आधी त्यांचं नाव घालायला सांगतो.