फादरांचा चेहरा, पोराचं घर

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या चर्चमध्ये होते त्या फादरांवर लहान मुलावर अत्याचार केल्याचा आरोप झालाय, हे तुला कळलंच आहे. चॅनलवर ती बातमी एडिटिंगला माझ्याकडेच आली. फादरांचा चेहरा ब्लर केलेला आणि पोराचं घर, दोरीवरच्या त्याच्या शाळेच्या शर्टासकट, लख्ख दिसत होतं! माझं डोकंच फिरलं. मी घर ब्लर केलं, फादरांचा चेहरा उघडा केला.

साहेब ओरडले, "मोठ्या माणसाची बदनामी होईल!"

"आणि पोराची?" मी म्हटलं. तर मलाच घरी बसवलंय. काळजी करू नकोस.

पण साहेबांपेक्षा तुझा जास्त राग आलाय. बातमी कळताच तू फोनवर म्हणालीस, "फादर नीट जेवतात का गं?" आई, त्या पोराच्या घशाखाली घास उतरतो का, हे कोण विचारणार?

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी