मागच्या रांगेतून दिलेल्या उत्तराबाबत

दिनांक : ११ मे २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्वातंत्र्यदिन समारंभ समिती,
नगर सभागृह, ईस्ट हॅलम,
कनेटिकट.

विषय : ४ जुलैच्या नामवाचनात क्वॉको या शिपायाचे नाव त्याच्याच नावाने घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले सूचनापत्र, दि. १९ ऑगस्ट २०२५, ‘समारंभात अनधिकृत उत्तर देणे’.
२) माझे यापूर्वीचे अर्ज, एकूण चार.
३) आपले पत्र, दि. ३० एप्रिल २०२६.

महोदय,

१. मी, श्रीमती विनिफ्रेड बेल, वय सत्तर, राहणार मिल लेन, या नगरात जन्मले आणि चौतीस वर्षे येथील टपाल कचेरीच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. समितीच्या निम्म्याअधिक सदस्यांची पाकिटे मी तोलली आहेत. अपुरा भरलेला कागद परत येतो, हे मला नव्याने शिकवण्याची गरज नाही. हा माझा पाचवा अर्ज असून तो पूर्ण भरलेला आहे.

२. नगराच्या हिरवळीवर क्रांतियुद्धातील शिपायांची शिळा आहे. तिच्यावर एकेचाळीस नावे आहेत. दर ४ जुलैला ती नावे मोठ्याने वाचली जातात आणि प्रत्येक नावाला त्या शिपायाचा वंशज उभा राहून ‘हजर’ म्हणतो. सव्विसावे नाव हेझेकाया थॉर्नबी यांचे आहे. ते वाचले की पुढच्या खुर्चीतून श्री. लायमन थॉर्नबी ‘हजर’ म्हणतात. त्याच क्षणी सर्वांत मागच्या रांगेतून माझी आई, श्रीमती ऑरीलिया क्वॉको बेल, हीसुद्धा ‘हजर’ म्हणते. ती १९५७ सालापासून म्हणते आहे. तिच्याआधी तिचे वडील म्हणत आणि त्यांच्याआधी त्यांची आत्या. दोन्ही उत्तरे एकाच वेळी येत असल्याने ती एकच असल्याचा नगराचा समज होता. तो दूर करण्याचा आमचाही कधी आग्रह नव्हता.

३. याचे कारण असे की, १७७७ साली हेझेकाया थॉर्नबी यांना फौजेत भरतीचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी आपल्या जागी आपल्या मालकीचा गुलाम पाठवला. तो क्वॉको. वय पंचवीस, बापाला आफ्रिकेतून आणलेले, आडनाव नाही. पलटणीच्या यादीत थॉर्नबी हे नाव आधीच लिहून झाले होते आणि कॅप्टनने खाडाखोड टाळली. त्यामुळे क्वॉको यांनी तीन वर्षे, रोज सकाळी हजेरीच्या वेळी, हेझेकाया थॉर्नबी या नावाला उत्तर दिले. न देते तर पळून गेल्याबद्दल फटके होते. १७८० साली ते दोन बोटे बर्फात गमावून परत आले. हेझेकाया यांनी परतल्यावर मुक्त करण्याचा शब्द पाळून त्यांना सुटकेचा कागद दिला आणि त्याच दिवशी आपले नाव परत घेतले. पुढे म्हातारपणीही रस्त्यात कोणी ‘हेझेकाया’ अशी हाक मारली की दोघेही वळून बघत, असे आमच्या घरात सांगतात. शिळा बसली ती १८७६ साली, लष्करी यादीवरून. यादीत जे नाव होते ते शिळेवर आले. त्या पहिल्याच वाचनाला आजोबांची आत्या मागे उभी होती. नाव ऐकल्यावर तिने उत्तर दिले, कारण घरात सगळ्यांना ठाऊक होते की ते नाव घेतले की बोलायचे कोणी.

४. गेल्या वर्षी श्री. लायमन थॉर्नबी यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने ते आले नाहीत. त्यामुळे सव्विसाव्या नावाला दीडशे वर्षांत प्रथमच एकच उत्तर आले, आणि ते मागून. सगळी माणसे वळून बघू लागली. नामवाचन करणारे नगर लिपिक थांबले. त्यानंतरचे संभाषण मी शब्दशः देत आहे, कारण सूचनापत्रात त्याची नोंद ‘असंबद्ध बडबड’ अशी झाली आहे.

लिपिक म्हणाले, “बाई, हे नाव तुमचं नाही.”

आई म्हणाली, “माझं नाहीच. आम्ही नुसतं उत्तर देतो.”

“कुणाच्या वतीनं?”

“जो गेला होता त्याच्या.”

“गेले होते ते थॉर्नबी. इथं लिहिलंय.”

“तेच तर म्हणतेय बाबा. तू लिहिलेलं वाचतोस, मी गेलेल्याला उत्तर देते. तू वाचायचं थांबव, मी लगेच बसते.”

यात असंबद्ध काय आहे, हे समितीने दाखवून द्यावे. बडबडीबद्दल माझे म्हणणे नाही, आई बोलते.

५. त्यानंतर सहा आठवड्यांनी आईच्या नावे सूचनापत्र आले की, उत्तराचा अधिकार फक्त शिळेवरील व्यक्तीच्या थेट वंशजास आहे आणि पुन्हा असे घडल्यास तिला समारंभातून बाहेर नेण्यात येईल. ती चालताना काठी वापरते. बाहेर नेणाऱ्याने हळू चालावे लागेल. आम्ही उलट उत्तर न देता रीतसर अर्ज केला की, मग शिळेवर खरे नाव घाला. संगणकावरील अर्जात आडनावाशिवाय पुढे जाता येत नव्हते, म्हणून मी दोन्ही रकान्यांत क्वॉको असे भरले. त्यावर ‘श्री. क्वॉको क्वॉको’ यांना कागदपत्रांसह समक्ष हजर राहण्याचे पत्र आले. ते १८१९ साली वारल्यामुळे येऊ शकले नाहीत. तसे मी कळवले. त्यावर गैरहजेरीमुळे अर्ज निकाली काढल्याचे पत्र आले.

६. दुसऱ्या अर्जासोबत मी पुरावा जोडला. हेझेकाया थॉर्नबी यांची रोजनिशी आपल्याच ग्रंथालयात काचेखाली ठेवली आहे. ती बरीच वर्षे एकाच पानावर उघडी होती, ज्यावर फक्त सफरचंदांचा उल्लेख आहे. पान उलटण्यासाठी मला तीन महिने परवानगी मागावी लागली. शिळेवर हेझेकाया यांच्या नावापुढे ‘मॉनमथ येथे लढले’ असे कोरले आहे. मॉनमथची लढाई न्यू जर्सीत, २८ जून १७७८ रोजी झाली. त्या तारखेची नोंद अशी : ‘रविवार. भयंकर उकाडा. चर्चला गेलो. प्रवचन लांबले, दोनदा डुलकी लागली. क्वॉकोची अजून काही बातमी नाही.’ समितीने लेखी अभिप्राय दिला की, एक कागद व्यक्तीला न्यू जर्सीत दाखवतो आणि दुसरा चर्चमध्ये. दोहोंपैकी खरे ठिकाण कोणते हे ठरवणे समितीच्या अधिकाराबाहेर आहे. यावर मी काही लिहू नये असे माझ्या वकील भाचीने सांगितले आहे. मी लिहीत नाही.

७. मात्र एक लिहिते. अर्जात भावना नसाव्यात, हे मला मान्य आहे. पण मला राग येतो आणि तो या नऊ महिन्यांतला नाही. नगराच्या मुद्रेवर ज्या दगडी बंधाऱ्याचे चित्र आहे, तो बंधारा क्वॉको आणि त्यांचा मित्र जुबा मीड यांनी रचला. आपल्या कार्यालयाचे प्रत्येक पत्र ते चित्र डोक्यावर घेऊन माझ्याकडे येते आणि खाली लिहिलेले असते की अशा व्यक्तीची नोंद आढळत नाही. नगरातली पहिली तीस वर्षे सगळी बाळंतपणे क्वॉकोंची बायको डायना हिने केली. त्यांत थॉर्नबींची दोन होती. मीड, फ्रीबॉर्न आणि क्वॉको ही तीन घराणी या नगराइतकीच जुनी आहेत, आणि आम्हाला आजही दुकानात विचारतात की तुम्ही मूळचे कुठले. आई सांगते, मिल लेनचे.

८. तिसऱ्या अर्जावर समितीने कळवले की, शिळेच्या तळाशी ‘एकेचाळीस’ हा आकडा कोरलेला असल्याने एक नाव घालायचे तर एक काढावे लागेल, आणि त्यासाठी काढल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या वंशजाची संमती हवी. हे पत्र श्री. लायमन थॉर्नबी यांनाही गेले. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी ते स्वतः आमच्या घरी आले. वय त्र्याऐंशी, गुडघा नवीन. संमतीचा कागद त्यांच्या खिशात होता. ते आम्हाला रोज दिसतात, पण आमच्या स्वयंपाकघरात बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. आईने त्यांना मक्याची भाकरी आणि बीन्स वाढले आणि ते संपेपर्यंत कामाचे बोलू दिले नाही. मग ते बोलले, तेही शब्दशः देते.

“ऑरीलियाबाई, मला सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. आजोबांनी समारंभाला नेताना सांगितलं होतं, आपलं नाव घेतलं की मागून एक आवाज येईल. वळून बघायचं नाही. आपण मोठ्यांदा बोलायचं.”

आई म्हणाली, “म्हणून एवढा ओरडतोस होय. मला वाटायचं तुला ऐकायला कमी येतं.”

“आता येतंच कमी.”

“मग वळून का नाही बघितलंस कधी?”

त्यांनी ताटलीतले भाकरीचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाले, “बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सही करायला पेन मागितले. मी दिले. पण त्यांनी सही न करता ते कागदावर आडवे ठेवले. त्यांना मूल नाही, भाऊ नाही. ते म्हणाले, “हे नाव निघालं की आमचं इथं काही उरत नाही. तो घरी बसला हे खरंय. पण माझ्याकडं तेवढंच आहे.” खरे सांगायचे तर मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. मी म्हटले, आम्ही नाव नसताना अडीचशे वर्षे काढली, तुम्हीही काढाल. आईने मला गप्प केले. कागद उचलला, दुमडला आणि त्यांच्या खिशात परत घातला. म्हणाली, “लायमन, तुझं नाव कुणी काढायला सांगितलं? आम्हाला कुणाला घालवायचं नाही. दगड मोठा आहे. तुझ्याखाली आमचं लिहा आणि आकडा बेचाळीस करा. एकाला दोन रेघा जोडून दोन करायला असा काय खर्च येतो?” त्यावर श्री. थॉर्नबी रडले. मी हे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांचे सहीचे पत्र सोबत आहे, त्यात त्यांनी हेझेकाया लढाईच्या दिवशी घरी होते असे स्पष्ट लिहिले आहे.

९. चौथा अर्ज आम्ही दोन्ही घराण्यांनी मिळून केला. त्यास आपले संदर्भ ३ चे उत्तर आले. त्यानुसार शिळेचे काम तत्त्वतः मान्य आहे, परंतु कोरणाऱ्या कारागिराची वेळ पुढील वर्षीच्या मार्चमध्ये मिळते. तोपर्यंत यंदाच्या समारंभात शेवटच्या नावानंतर ‘व इतर’ असे दोन शब्द वाचून सर्व उपेक्षितांचा सन्मान केला जाईल. समितीच्या हेतूबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र ‘व इतर’ अशी हाक आल्यावर उभे कोणी राहायचे, हे पत्रात स्पष्ट नाही. मीड आणि फ्रीबॉर्न यांच्याशी मी बोलले. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव इतर नाही.

१०. आता मूळ मुद्दा. आई सत्त्याण्णव वर्षांची आहे. एप्रिलमध्ये तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले की, हा उन्हाळा ती काढेल, पुढच्या हिवाळ्याचे त्यांनी काही सांगितले नाही. मार्चपर्यंत थांबणे म्हणजे तिच्याविना करणे. शिळेवर नाव कोरायला छिन्नी, कारागीर आणि समितीचा ठराव लागतो, हे समजण्याइतका टपाल खात्याचा अनुभव मला आहे. परंतु वाचायला काही लागत नाही. छापील यादीत सव्विसाव्या नावाच्या खाली पेनने एक शब्द लिहावा लागेल. तो उच्चारायला एक सेकंद लागतो. मी घड्याळ लावून पाहिले आहे. श्री. थॉर्नबी यांनी त्यांच्या घड्याळावर पाहिले, तेही तेवढेच भरले.

तरी नम्र विनंती की, येत्या ४ जुलैला ‘हेझेकाया थॉर्नबी’ हे नाव घेतल्यावर श्री. लायमन थॉर्नबी उत्तर देतील. आई गप्प राहील, तसे तिने कबूल केले आहे. त्यानंतर ‘क्वॉको’ असे स्पष्ट वाचावे. उच्चाराबद्दल शंका असल्यास लिपिकांनी आधी एकदा घरी यावे, आई म्हणवून घेईल. गेल्या वर्षीचा राग तिच्या मनात नाही. खुर्ची मागच्या रांगेतच ठेवली तरी चालेल, तिच्या ओळखीची माणसे तिथेच बसतात.

आणखी एक विनंती, तिच्या नकळत करते. ते नाव वाचल्यावर लगेच पुढच्या नावाकडे जाऊ नये. एकोणसत्तर वर्षे तिने दुसऱ्याच्या नावाला उत्तर दिले आहे, आपल्या माणसाचे नाव त्या हिरवळीवर तिने कधी ऐकलेले नाही. ते ऐकू आल्यावर तिला बोलायला थोडा वेळ लागेल. तेवढे सर्वांनी थांबावे.

आपली नम्र आणि अद्याप न थकलेली,

(सही)
विनिफ्रेड बेल
मिल लेन, ईस्ट हॅलम

सोबत :
१) रोजनिशीच्या पानाची प्रत, २८ जून १७७८.
२) क्वॉको यांच्या सुटकेच्या कागदाची प्रत, १७८०. मूळ कागद देता येत नाही, तो आईच्या उशाखाली असतो.
३) श्री. लायमन थॉर्नबी यांचे पत्र.
४) परतीचे पाकीट, पत्ता लिहून आणि तिकीट लावून.